जोडीचे मुखवटे

ईशोलाला सायकलवाला म्हणून ओळखणारी माणसं वेगळी आणि बाई म्हणून ओळखणारी वेगळी. केतू शहराला जाणाऱ्या रस्त्यावर आंब्याखाली त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लोखंडी पेटी, एक पंप आणि पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं. अंगानं काटकुळा, गालफडं वर आलेली आणि जीभ अशी, की गिऱ्हाइकानं सायकल उलटी ठेवायच्या आत त्याला चार शब्द ऐकून घ्यावे लागत. "चाक आहे का भोपळा? बायकोला मागं बसवतोस ते ठीक, सासूलाही बसवतोस की काय?" एवढं ऐकूनही लोक त्याच्याकडेच येत, कारण दुसरा सायकलवाला थेट केतूत.

तोच ईशोला गेलेदेच्या दिवशी बाजाराच्या मैदानात उतरला, की ओळखू येत नसे. छातीला लाकडी स्तन बांधलेले, चिंध्या गुंडाळून कंबर भरदार केलेली, अंगभर बायकांची रंगीबेरंगी शिरवस्त्रं, पायांत लोखंडी वाळे आणि डोक्यावर कोरलेला मुखवटा. अशा ठसक्यात चालायचा की आमच्या इदी-ओसान गावात तशी खरीखुरी बाई एकही नव्हती. त्याची बायको आवेरो म्हणायची, "मला एक सवत आहे बाई. वर्षातून एकदा येते, आणि मेली माझ्यापेक्षा देखणी आहे."

गेलेदे हा आयांसाठी केलेला नाच. पाऊसपाणी, पोरंबाळं, मक्याचं कणीस भरणं न भरणं, सगळं म्हाताऱ्या बायकांच्या मर्जीवर. त्या रागावल्या तर गावाचं काही खरं नाही. म्हणून पुरुषांनी बाईचं रूप घ्यायचं, बाईचा मुखवटा डोक्यावर चढवायचा आणि त्यांच्यासमोर नाचून त्यांना हसवायचं. नाचणारा कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यात लपवाछपवी नाही. आणि आमच्याकडे नाचायचं ते जोडीनं. दोन मुखवटे एकसारखे, कपडे एकसारखे, पाऊल एकसारखं.

ईशोलाचा जोडीदार अकांजी. दोघं एकाच पावसाळ्यात जन्मलेले, एकाच आंब्यावर दगड मारलेले. ईशोला जितका चिडका तितका अकांजी थंड. उखळं, मुसळं आणि बसायची बुटकी स्टुलं कोरून विकायचा. त्याचा बाप मात्र मुखवटे कोरणारा होता, आणि जोडीचे ते मुखवटे बापानंच एका लाकडातून काढले होते. खाली बाईचा शांत चेहरा, अर्धवट मिटलेले डोळे, गालांवर उभ्या खुणा. आणि वर तिच्या डोक्यावर दुसरीच गंमत. एक बाई कढईत आकारा, म्हणजे चवळीचे वडे, तळते आहे, आणि मागून कुत्रा टोपलीतला वडा पळवतो आहे. ती बाई कोण हे बापानं मरेपर्यंत सांगितलं नाही. पण बाजारात आकारा विकणाऱ्या सगळ्या बायका त्याच्याशी वर्षभर भांडत होत्या.

मुखवटे दरवर्षी नव्यानं रंगवायचे. ते काम या दोघांचं. अकांजीच्या परड्यात चटई टाकून दोघं बसत. पांढऱ्याला खडू, काळ्याला कोळसा, निळ्याला कपड्यांची नीळ. ईशोला म्हणे, "कुत्रा पिवळा करू." अकांजी म्हणे, "बाबांनी तांबडा केला होता." "तुझ्या बाबांनी कुत्रा पाहिला होता का कधी?" असं दुपारभर चाले, आणि शेवटी कुत्रा तांबडाच होई. आता केतूहून डब्यातला रंग आणतात. मुखवटे चकाकतात, धुतले तरी रंग जात नाही, म्हणून कुणी दरवर्षी रंगवतही नाही. त्या चटईवरची भांडणं गेली, ती गेलीच. मला त्याचं वाईट वाटतं, आणि कुणी त्याला म्हातारपणाचं रडगाणं म्हटलं तरी हरकत नाही.

आता ढोलाचं. मोठा ढोल वाजवणारा ओगुंबी. मान ताठ, डोळे वटारलेले, नाकावर माशी बसू न देणारा. ढोल एक बोल सांगतो, चार-सहा शब्दांचं वाक्य म्हणा ना, आणि नाचणाऱ्यानं वाळ्यांच्या आवाजात तोच बोल पायानं म्हणायचा. बोल संपला की पाय संपला पाहिजे, तिथल्या तिथं, भिंत आडवी आल्यासारखा. ढोल थांबल्यावर ज्याचा वाळा वाजला त्याची अब्रू गेली. बायका खिदळतात, दुसऱ्या गावचे नाचे ती गोष्ट घरी घेऊन जातात आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्या नावापुढे तेवढं एक पाऊल चिकटून राहतं. ओगुंबीला बोल मध्येच तोडायची खोड होती. तो म्हणायचाच, "मी कुणाच्या पायाला थांबत नाही. ज्याला कान आहेत त्यानं नाचावं."

ईशोलाचा पाय कधी चुकला नव्हता. कधीच नाही. सायकली, शेत, बायको, कशाचाही त्याला गर्व नव्हता. एवढ्या एका गोष्टीचा होता, आणि होता तोही भरपूर. ओया गावच्या बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की आडून आडून विषय तिकडे न्यायचाच. "बाकी आमच्याकडे यंदा पाय चुकला नाही हो कुणाचा," असं म्हणून गप्प बसायचा, म्हणजे समोरच्यानं पुढचं बोलावं.

अकांजीला ऐकू येईनासं झालंय हे पहिल्यांदा ईशोलालाच कळलं. मुखवटे रंगवताना तो पाठीमागून म्हणाला, "कुत्रा पिवळा करतो." आणि अकांजी काहीच बोलला नाही. ईशोलानं मोठ्यानं म्हटलं, मग ओरडून म्हटलं. अकांजी खाली मान घालून तांबडा रंग घोटत राहिला. ईशोलानं पुढे जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा अकांजीनं वर पाहिलं आणि आपलं बिंग फुटल्याचं त्याला समजलं. म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. मला ढोल तळव्यांतून ऐकू येतो."

"तळव्यांतून? तळव्यांना कान फुटलेत का तुझ्या?"

हे अकांजीला ऐकू गेलं नाही, पण ओठांवरून कळलं असावं. तो हसला. हल्ली त्याचा आवाजही चढला होता. हळू बोलतोय असं त्याला वाटे, आणि पलीकडच्या गल्लीतली कोंबडी दचके.

गोष्ट तशी दबून राहिली असती. अकांजीनं एक-दोन वर्षांत गुडघेदुखीचं निमित्त सांगून मुखवटा खाली ठेवला असता. पण त्याच सुमारास त्याची आई गेली. ती गावची इयालाशे होती, गेलेदेच्या सगळ्या आयांची आई. मुखवटे जिथे ठेवतात त्या घराची किल्ली तिच्या कमरेला असे आणि तिच्या होकाराशिवाय एक वाळा बाहेर निघत नसे. अशी बाई गेल्यावर तिच्यासाठी मोठं गेलेदे होतं, चार गावचे नाचे येतात. त्यात तिच्याच मुलानं, बापानं कोरलेला मुखवटा घालून नाचायचं नाही, तर मग कधी नाचायचं? आणि गावाला जर कळलं की त्याचे कान गेले, तर पंच मुखवटा दुसऱ्याच्या डोक्यावर देणार हेही ठरलेलं. बहिऱ्याच्या पायावर आयांची मर्जी कोण सोपवील?

अकांजी ईशोलाच्या दुकानात येऊन पेटीवर बसला. मग म्हणाला, "आईपुढे एकदा नाचू दे मला. मग मुखवटा तूच उतरव माझ्या डोक्यावरून."

ईशोलानं हातातला पाना खाली ठेवला आणि मान हलवली.

युक्ती त्यांनी साधी काढली. नाचताना हातात घोड्याच्या शेपटीची चवरी असतेच. बोल संपायला आला की ईशोला चवरी खांद्यावर टाकणार. अकांजीनं ती पाहायची आणि पाऊल आवरायचं. सरावाला आवेरोला घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ती परड्यात ॲल्युमिनियमचं टोपलं पालथं घालून बडवायची आणि ही दोन वयस्क माणसं धुळीत थयथय नाचायची.

"अहो दायोचे बाबा, चवरी वेळेवर टाका! माश्या हाकलताय का?"

"तू टोपलं वाजवतेस का स्वयंपाक करतेस? बोल कुठला संपतोय ते समजत नाही!"

"ओगुंबीचं तरी कुठं समजतं? तो तर मध्येच ढोल टाकून तपकीर ओढील."

अकांजी या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघायचा आणि काय चाललंय हे न कळताही खो खो हसायचा. आवेरोनं ही गोष्ट पाणवठ्यावर कुणाला सांगितली नाही. तिच्या बाबतीत हे पाऊस उलटा पडल्यासारखं होतं, पण सांगितली नाही हे खरं.

मग शिरवस्त्रं गोळा करायचे दिवस आले. नाच्याच्या अंगावरचा कपडा त्याचा स्वतःचा नसतोच. घरोघरीच्या बायकांकडून त्यांची चांगली शिरवस्त्रं मागून आणायची आणि ती एकावर एक बांधायची. म्हणजे मैदानात एक बाई नाचत नाही, सगळ्या नाचतात. ईशोला दारोदार हिंडला. "मागल्या वेळी पामतेलाचा डाग पाडून दिलंस," "माझं वर बांधशील तरच देते, त्या सेगीच्या आईचं खाली बांध," असं सगळं ऐकून घेत होता. शेवटी अकांजीनं आईची पेटी उघडली. त्यात तिचं निळं, खळीचं शिरवस्त्र होतं, घडी तशीच. एकच होतं आणि जोडी तर सारखी दिसली पाहिजे. अकांजीनं ते मधोमध फाडलं आणि अर्धं ईशोलाच्या हातात दिलं. ईशोला रडला तेव्हा. नंतर त्यानं कबूल केलं नाही, पण आवेरोनं पाहिलं होतं.

गेलेदेच्या दुपारी बाजाराचं मैदान पाय ठेवायला जागा नाही इतकं भरलं. म्हाताऱ्या पुढे चटयांवर बसल्या, त्यांच्यामागे बाकीच्या बायका, मग पुरुष, आणि झाडांवर पोरं. शेजारच्या गावांच्या जोड्या नाचून गेल्या. एकाचा वाळा ढोल थांबल्यावर वाजला आणि हशा असा उठला की बिचारा मुखवट्यासकट पळाला. मग ओगुंबीनं मोठ्या ढोलावर हात ठेवला आणि आमची जोडी बाहेर आली. दोन शांत चेहरे, दोन कढया, दोन तांबडे कुत्रे, आणि दोघींच्या छातीवर इयालाशेचं निळं वस्त्र. म्हाताऱ्यांनी ते ओळखलं. चटयांवर एक हुंकार फिरला.

पहिला बोल बिनचूक गेला. चवरी खांद्यावर आली, दोन्ही पाय एकाच क्षणी थांबले, बायकांनी आरोळी ठोकली. ईशोलाच्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. मुखवट्याखालच्या जाळीदार कापडातून तो अकांजीचे पाय तेवढे बघत होता. ओगुंबीनं दुसरा बोल धरला. हा लांबलचक, वळणाचा, इयालाशेचं नाव गुंफलेला. पाय त्यात शिरले, वाळे बोलू लागले. सगळं चांगलं चाललं होतं, आणि तेवढ्यात सेगीची आई उठली.

ती इयालाशेची मैत्रीण. तिला निळं वस्त्र पाहवेना. ती सरळ मैदानात घुसली आणि ईशोलाला मिठी मारून त्याच्या लाकडी छातीवर डोकं टेकून रडायला लागली. तसं कुणी ना कुणी येतंच नाचात, कपाळ पुसतं, कौतुक करतं. त्याला कुणी हरकत घेत नाही. ईशोलाचे पाय चालू होते, पण चवरीचा हात तिच्या मिठीत अडकला. आणि ओगुंबीनं बोल तोडला.

ईशोला थांबला. त्याचे पाय इतक्या वर्षांच्या सवयीनं ढोलाबरोबर आपोआप थांबले. सेगीची आई त्याला सोडून बाजूला झाली. मैदानात एकदम शांतता पसरली आणि त्या शांततेत एकट्या अकांजीचे वाळे वाजत राहिले.

अकांजी नाचत होता. बोलाच्या पुढचं वळण घेत होता, मान तोलून, खांदे हलवत, जसं आईनं त्याला लहानपणी अंगणात शिकवलं होतं तसं. मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. शेजारच्या गावचे नाचे एकमेकांना कोपरं मारू लागले. आणखी एक श्वास गेला असता, तर सगळं मैदान हसलं असतं, त्याच्या आईच्या गेलेदेत.

ईशोलानं पाय उचलला. ढोल नसताना. त्यानं अकांजीचं पाऊल पकडलं आणि तेच वळण धरलं. आता दोन जोड वाळे वाजत होते, एकावर एक नेमके, आणि दुसरा कसलाही आवाज नव्हता. हसणाऱ्याचं हसू अर्ध्यातच राहिलं. म्हाताऱ्या पुढे झुकल्या. त्या तुटलेल्या बोलाचा उरलेला भाग दोघं पायांनी म्हणत होते आणि तो सगळ्यांना ऐकू येत होता. इयालाशेचं नाव त्या भागातच होतं, जिथे ओगुंबीनं घाई केली होती. तेव्हा गावाला कळलं, की अकांजीला ऐकू येत नाही. कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. माझ्या बाजूला बसलेली बाई तोंडावर हात धरून रडत होती.

ओगुंबी ढोलावर हात ठेवून पाहत होता. त्याचा चेहरा आधी रागानं ताठ झाला, मग कसला तरीच झाला. बोल शेवटाला आला, ईशोलानं चवरी खांद्यावर टाकली, आणि शेवटच्या पावलावर ओगुंबीनं ढोलावर एक थाप दिली. नेमकी. तिथे पाय थांबले. मग जी आरोळी उठली ती मी पुन्हा कधी ऐकली नाही.

मुखवटा उतरवल्यावर अकांजी घामानं निथळत ओगुंबीपुढे गेला आणि त्याचे दोन्ही हात धरून ओरडला, "आज वाजवलंस, ओगुंबी! दुसरा बोल तर काय वाजवलास! माझ्या तळव्यांना विचार!" आजूबाजूला सगळे उभे होते. ओगुंबीसारखा माणूस, न वाजवलेल्या ढोलाची शाबासकी घ्यायची म्हणजे जीव जायची पाळी. पण त्यानं गिळलं. "तुझ्या आईसाठी वाजवला," एवढंच म्हणाला आणि ढोल उचलून निघून गेला.

गावानं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या गावचे मात्र कशाला गप्प बसतात? अकांजी आईसाठी मुद्दाम बोल पुरा करत होता असं त्यांना वाटलं, त्यामुळे त्यांनी गोष्ट नेली ती ईशोलाची. इदी-ओसानचा ईशोला ढोल थांबल्यावरही नाचतो, म्हणे. थांबला होता, आणि परत सुरू झाला, वेडाच झालाय म्हातारा. ओयाच्या बाजारात एकानं त्याच्या तोंडावर विचारलं, "काय सायकलवाले, ब्रेक लागत नाही का हल्ली?" पूर्वीचा ईशोला असता तर त्या माणसाच्या सात पिढ्या उकरल्या असत्या. तो मिठाचं पुडकं उचलून चालता झाला. घरी आल्यावर जेवला नाही. ते पाऊल त्याला लागलं होतं, फार लागलं होतं. उगाच मोठेपणा त्याच्या माथी मारायला नको.

मका कापून झाल्यावरची गोष्ट. ईशोला दुकानात ट्यूब घासत बसला होता, आवेरो त्याच्यासाठी मक्याची पेज घेऊन आली होती, रस्त्यापलीकडे चार बायका शेंगा सोलत होत्या. अकांजी आला आणि पेटीवर बसला. इकडेतिकडे बघितलं, पुढे झुकला, आणि हळू आवाजात, म्हणजे त्याला वाटत होतं हळू, बोलला.

"ईशोला, किती दिवस सांगीन म्हणतोय. मनाला लावून घेऊ नकोस. आईच्या गेलेदेत तुझा पाय चुकला. दुसऱ्या बोलाला तू मध्येच थांबलास. सेगीच्या आईनं मिठी मारली ना, तिथेच तुझं लक्ष गेलं. मी पाहिलं. पण मी थांबलो नाही, नाचत राहिलो, म्हणून तुला परत धरता आलं. कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मी कुणाला बोललोही नाही. वय होतं रे, पाय चुकायचेच. मी आहे ना."

रस्त्यापलीकडच्या बायकांचे हात शेंगांवर थांबले. त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला होता. आवेरोनं पेजेचं भांडं आदळलं आणि तोंड उघडलं; ईशोलानं तिच्याकडे न बघता हात वर केला आणि तिला थांबवलं. मग तो अकांजीकडे वळला, त्याला ओठ नीट दिसावेत असा, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "हो रे. तू सांभाळलंस म्हणून निभावलं."

अकांजीनं समाधानानं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. आवेरोनं पेज दोघांना वाढली.